उपयोगी वाण

सकाळी ऑफिसच्या दारातल्या यंत्राने रुद्राणीला ओळखलं नाही. सोलापुरात सात रस्त्यावरच्या त्या विमा कचेरीत गेल्या वर्षीपासून सह्या बंद झाल्या होत्या. यंत्रासमोर उभं राहायचं, यंत्र जरा विचार केल्यासारखं करायचं, आणि मग आतली एक बाई गोड आवाजात 'धन्यवाद' म्हणायची. आज तीच बाई तितक्याच गोड आवाजात म्हणाली, 'चेहरा जुळत नाही. पुन्हा प्रयत्न करा.' रुद्राणीने चष्मा काढून प्रयत्न केला, चष्मा घालून केला. तोंडावरचा स्कार्फ तर तिने आधीच सोडला होता. बाई आपल्या मतावर ठाम होती. मागे रांग साचली, रांगेत कोणीतरी उगाच खोकलं, आणि ते खोकणं ऐकल्याबरोबर रुद्राणीच्या नाकाच्या दोन्ही बाजूंनी कोणी निखारे फुंकावेत तशी धग वर चढायला लागली. ईरप्पा शिपाई स्टुलावरून उठून आला. "म्याडम, जरा मागं सरका की. लई जवळनं बघताय, घाबरतंय ते." ती मागे सरकली. यंत्र तरीही घाबरलेलंच होतं. "ऱ्हाऊ द्या," ईरप्पा म्हणाला, "सायबांना सांगून तुमचा नवा फोटो घालू त्यात. आत्ताचा." आत्ताचा हा शब्द त्याने काही मनात ठेवून वापरला नव्हता. "नको," रुद्राणी म्हणाली, "होईल बरं थोड्या दिवसांत." आणि टेबलाकडे जाताना तिच्या मनात आलं की यंत्राचं यात काहीच चुकलेलं नाही. त्याच्या पोटात साठवलेला चेहरा गेल्या वर्षीचा होता, गुळगुळीत, उजळ, गालांच्या आत ट्यूबलाइट लावल्यासारखा. तो रुद्राणीचा कधीच नव्हता. तो क्रीमचा होता, आणि क्रीम तिने दिवाळीच्या आधी बंद केली होती. आत्ताचा हा लालभडक, पुरळाने भरलेला, कपाळावरच्या विभूतीच्या तीन पांढऱ्या रेघांखाली पेटलेला चेहरा मात्र सर्वस्वी तिच्या मालकीचा होता.

चहा आला. तिने कप बाजूला सारला आणि वर साय धरायची वाट बघत बसली. शेजारच्या टेबलावरच्या प्रेमलाबाईंनी रोजच्यासारखी चौकशी केली. "सापडलं का काही?" "शोधतेय," रुद्राणी म्हणाली, "कालपासून टोमॅटो बंद केलाय." "टोमॅटोच असणार बघा. माझ्या जावेला टोमॅटोनं पाय सुजायचे." जावेचे पाय आणि रुद्राणीचं नाक यांचा संबंध काय, हे विचारायची पद्धत त्या ऑफिसात नव्हती. आजारपणात प्रत्येकाने काहीतरी सुचवायचं, आणि आजाऱ्याने ते करून बघतो म्हणायचं. कोरफड, मुलतानी माती, ओव्याचं पाणी, पित्त, दृष्ट, अंगात मुरलेली उष्णता, असं सगळं सुचवून झालं होतं. कोणाच्या तरी मते ही चाळिशी ओलांडल्याची खूण होती. ईरप्पाच्या मते मोबाइलची. रुद्राणी सगळ्यांना मान डोलवायची. कारण काहीतरी शोधणं चालू आहे म्हटलं, की काय सापडलेलं आहे ते कोणी विचारत नाही.

सापडलं होतं पहिल्याच दिवशी. कातडीच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी भिंग लावून गाल बघितला, नाक बघितलं, आणि पाठ केलेलं म्हणावं तसं सांगितलं, "ऊन टाळा. उष्णता, तिखट, गरम चहा, घाम, मनस्ताप, हे सगळं टाळायचं." "म्हणजे सोलापूर टाळायचं," रुद्राणी म्हणाली. डॉक्टर हसल्या नाहीत. त्या लातूरच्या होत्या. "यातलं कशानेही भडकतं. प्रत्येकाचं वेगळं असतं, तुमचं तुम्ही शोधून काढा. पण आधी सांगा, चेहऱ्याला काय लावत होता?" रुद्राणीने पर्समधून ट्यूब काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी तिच्याकडे न्हाणीत निघालेल्या विंचवाकडे बघावं तसं बघितलं. "ही नायट्याची आहे. यात स्टेरॉइड आहे. किती वर्षं लावताय?" रुद्राणीने वर्षं सांगितली नाहीत, "बरीच" म्हणाली. "रोझेशिया म्हणतात याला. काहींना आपोआप होतो. तुम्हाला या क्रीमने आणून दिलाय. आता बंद केलीत की आधी अजून भडकेल. काही महिने जातील. मग हळूहळू उतरेल. लावायला जेल देते, गोळ्या देते, उन्हाची क्रीम देते. घाबरू नका." मग कागदावर लिहिता लिहिता, मान वर न करता, त्यांनी सहज विचारलं, "घरात अजून कोणी वापरतं का ही?" "नाही," रुद्राणी म्हणाली. तेव्हा तिचा चेहरा लाल झाला असणार. पण तो आधीपासूनच लाल होता, त्यामुळे कोणाला काही कळायचं कारण नव्हतं. आणि तसं ते खोटंही नव्हतं. घरात कोणीच वापरत नव्हतं.

नायटा हा खरा उगम. गळ्यातल्या इष्टलिंगाच्या शिवदाऱ्याखाली उन्हाळ्यात घाम साचून तो झाला, आणि मेडिकलवाल्याने न बघता, न विचारता ही ट्यूब हातात दिली. नायटा गेला, आणि तो होता तेवढी जागा अशी गोरी झाली की बाकीची मान उपरी दिसायला लागली. म्हणून तिने सगळ्या मानेला लावली. मग मान आणि चेहरा जुळेना, म्हणून चेहऱ्याला लावली. यात कुठे एका ठिकाणी चुकलं असं आजही तिला बोट ठेवता येत नव्हतं. प्रत्येक पायरी मागच्या पायरीला धरून होती. नवरा म्हणाला, "झोप बरी लागतेय वाटतं हल्ली." ऑफिसात बायका म्हणाल्या, "काय करता हो तुम्ही?" आयुष्यात पहिल्यांदा रुद्राणीकडे एक गुपित होतं, आणि गुपित एकटीने वापरण्याइतकी ती आपमतलबी नव्हती. सगळा घोटाळा तिच्या या चांगुलपणाने केला.

गेल्या संक्रांतीला तिने हळदीकुंकवाला वाण म्हणून त्या ट्यूबा वाटल्या. दरवर्षी बिल्डिंगमधल्या बायका एकमेकींना गाळण्या, कंगवे, साबणदाण्या आणि झाकण न बसणारे डबे लुटतात. प्रत्येकीच्या ओट्याखाली वाणाच्या गाळण्यांचा एक खण असतो, आणि चहा मात्र लग्नात आलेल्या गाळणीनेच गाळला जातो. रुद्राणीने ठरवलं, यंदा उपयोगी वाण द्यायचं. ट्यूबच्या खोक्यावर नायट्याचं चित्र होतं आणि खाली बारीक अक्षरांत डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापरू नये असं काहीतरी होतं. सणासुदीला ते बरं दिसेना, म्हणून तिने सगळी खोकी काढून टाकली आणि नुसत्या ट्यूबा जरीच्या बटव्यांत घातल्या, वर तिळगुळाची वडी. वरच्या मजल्यावरच्या चन्नम्मा बटवा उघडून म्हणाल्या होत्या, "अय्य, हे बरं केलंस बघ रुद्राणी. माझ्याकडं गाळण्यांचं दुकान झालंय." त्या दिवशी एकेकीच्या कपाळाला हळद लावताना रुद्राणीला खरोखर दानाचं समाधान मिळालं होतं. आता जिना चढताना तीच कपाळं, त्याखालचे तेच गाल तिला दिसायचे, आणि ती ते तपासायची. कोण उजळलंय, कोण तुकतुकीत झालंय, कोणाच्या गालावर बारीक तांबड्या शिरा दिसायला लागल्यात. उजळलेला चेहरा दिसला की ती नजर चुकवून भराभर जिना चढायची. मुरुम असलेली, काळवंडलेली, जशीच्या तशी राहिलेली बाई दिसली की तिला मिठी मारावीशी वाटायची.

डॉक्टरकडून आल्यावर ती दारोदार गेली होती, नाही असं नाही. पण वाण परत मागता येत नाही, आणि खरं तोंडातून निघेना, म्हणून मधलं काहीतरी निघालं. "त्या ट्यूबांची तारीख संपलीय म्हणे, टाकून द्या." चन्नम्मा म्हणाल्या, "तारीख कशाला बघायची, गुण येतोय की." "नको नको, जुनी झाली की ती उलटते." "मग तुला तेच झालंय का गं?" चन्नम्मांनी तिच्या तोंडाकडे बघत विचारलं. "मला उष्णतेचं आहे," रुद्राणी म्हणाली. चन्नम्मांनी ट्यूब टाकली. बहुतेकींनी टाकली, काहींची गाळण्यांच्या खणात पडून होती ती सापडलीच नाही. बिल्डिंगपुरतं तिने निस्तरलं होतं, अर्ध्या खोट्यावर का होईना. बार्शीचं राहिलं होतं.

बार्शीला सिद्धेश्वरी होती. धाकट्या भावाची, मंजुनाथची मुलगी. मंजुनाथचं धान्याचं आडत दुकान, बायको महादेवी, आणि ही एकुलती एक, शिकलेली, घरी बसून पुण्यातल्या कंपनीचं काम करणारी, बोलायला चटपटीत आणि रंगाने रुद्राणीवर गेलेली. स्थळं यायची, पोहे खायची, मुलगी हुशार आहे म्हणायची आणि कळवतो म्हणून जायची. कळवतो या शब्दाचा अर्थ रुद्राणीला कोणी सांगायला नको होता. तिच्या वेळी आई पाहण्याचा कार्यक्रम मुद्दाम संध्याकाळचा ठेवायची, खिडकी लावून घ्यायची आणि दिवाणखान्यात पिवळा बल्ब लावायची. पिवळ्या उजेडात सगळ्या मुली सारख्या दिसतात, हा आईचा शोध. एका मुलाच्या मामाने उठून, काय उकडतंय हो, म्हणत खिडकी सताड उघडली होती, आणि मावळतीचं ऊन सरळ रुद्राणीच्या तोंडावर आलं होतं. सगळे बघत होते. ती ताट धरून उभी होती, आणि त्या उन्हात तिला एवढंच वाटत होतं की आपण काहीतरी लपवताना सापडलो. पुढे बघायला आलेल्या गुरुशांतने खिडकीकडे बघितलं नाही, तिच्याकडेही फारसं बघितलं नाही. तो शिऱ्याच्या बशीकडे बघत होता. म्हणून तिचं लग्न झालं. आपल्यासारखं सिद्धीला शिऱ्याच्या भरवशावर राहावं लागू नये, एवढंच तिला हवं होतं. म्हणून पहिली ट्यूब तिनेच बार्शीच्या एसटीच्या कंडक्टरजवळ दिली, कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीच्या डब्यात. मग दुसरी. सिद्धी व्हिडिओ कॉल करून गाल वळवून दाखवायची. "बघ ना आत्या, उजेडात बघ." उजेडात खरंच बघवत नव्हती, इतकी सुंदर दिसायची.

आणि मग, डॉक्टरकडे जाऊन आल्यानंतर, तुळशीचं लग्न उरकल्यावर एकदा तिचा फोन आला. "आत्या, संपत आलीय गं. पाठवशील? अकलूजचं स्थळ यायचंय." सांगायची वेळ तीच होती. रुद्राणीने तोंड उघडलंही. पण डॉक्टरांचं वाक्य आडवं आलं, बंद केली की आधी अजून भडकेल. म्हणजे सांगितलं तर पोरगी आजच बंद करणार, आणि अकलूजची माणसं आली की त्यांच्यासमोर रुद्राणीचंच तोंड घेऊन बसणार. कॅमेरा तिने बंद ठेवला होता, म्हणाली नेट चालत नाही. "पाठवते," ती म्हणाली. एवढा कार्यक्रम पार पडू दे, मग सगळं सांगू, डॉक्टरकडे स्वतः घेऊन जाऊ, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि स्वतःला ते पटलंही. पटवून घेण्यात ती नेहमीच चांगली होती. स्कार्फ गुंडाळून तिने मेडिकलमधून ट्यूब आणली, भाकऱ्यांच्या खाली ठेवली, आणि स्टँडवरून परत येईपर्यंत चेहरा असा पेटला की रिक्षावाल्याने वळून विचारलं, "काकू, पाणी देऊ का?"

गुरुशांतने त्या दिवशीही तपास केला. वीज मंडळात नोकरी करून त्याला बिघाड शोधायची सवय लागली होती. "आज ऊन नव्हतं. चटणी नव्हती. चहा कोमट होता. मग कशानं?" "बसचा धूर असेल," रुद्राणी म्हणाली. "मग स्टँडवर जायचं बंद. आणि देवापुढचा कापूरही नको, तोही धूरच." दुसऱ्या दिवशीपासून देव कापराविना राहिले. त्याआधी वांगं गेलं होतं, लोणचं गेलं होतं, टेरेसवरचा फेरफटका गेला होता. घरातल्या एकेका निरपराध वस्तूला तो तडीपार करत होता, आणि रुद्राणी एकेकीविरुद्ध साक्ष देत होती. खरं कारण तिला पाठ झालं होतं. फोनवर सिद्धेश्वरीचं नाव उमटलं की फोन उचलायच्या आधीच गाल तापायचे. डॉक्टरांनी सांगितलेल्यांत भाचीचं नाव नव्हतं. आणि ते गुरुशांतला सांगितलं असतं तर त्याने भाचीही बंद केली असती.

त्या सकाळी ऑफिसात साय धरलेला चहा ती पीत होती तेवढ्यात महादेवीचाच फोन आला. "अक्का, रविवारी येताय ना? अकलूजची माणसं येतायत. मुलाची आई शाळेत मुख्याध्यापिका आहे, लई बारीक बघती म्हणे." "येते ना." "हां. आणि अक्का," महादेवी आवाज उतरवून म्हणाली, "राग मानू नका, पण तुमच्या चेहऱ्याचं यांनी सांगितलं मला, तर तुम्ही जरा आतच बसा, स्वयंपाकघराकडं. तसं काही नाही. लोकं विचारतात हो, घराण्यात आहे का म्हणून." रुद्राणीला राग यायला हवा होता. तिला इतकं हलकं वाटलं की तिचं तिलाच कसंतरी झालं. "आतच बसते," ती म्हणाली, "शिरा मीच करते." शिरा करायला शेगडीपाशी उभं राहणं म्हणजे डॉक्टरांच्या दृष्टीने आत्महत्याच होती. पण त्यात थोडं प्रायश्चित्त झाल्यासारखं वाटलं, आणि एवढ्या स्वस्तातलं प्रायश्चित्त सोडवेना.

रविवारी बार्शीच्या त्या स्वयंपाकघरात ती रवा भाजत होती, आणि चेहऱ्यावरून घाम नव्हे, आग गळत होती. सिद्धेश्वरी तयार होऊन आत आली. मोरपंखी साडी, केसांत अबोली, आणि तो चेहरा, यंत्रात साठवून ठेवावा असा. तिने हाताची मागची बाजू अलगद आत्याच्या गालाला लावली. "किती तापलाय गं. दुखतं का?" "नाही," रुद्राणी म्हणाली. "ट्यूब पुरली बघ बरोबर," सिद्धी म्हणाली, "काल रात्री पिळून काढली शेवटची." आणि हसली. आता सांगावं, असं रुद्राणीला वाटलं. आता तर कार्यक्रमच आहे, असंही वाटलं. दोन्ही विचार रव्याबरोबर तांबूस होत गेले. बाहेर गाडीचं दार वाजलं. माणसं आली, बसली, पाणी झालं, अकलूजच्या दूधसंघाविषयी बोलणं झालं. मग मुलाच्या आईचा, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आला. "सोलापूरच्या आत्या आल्यात म्हणालात ना? त्या कुठं आहेत? बोलवा की त्यांनाही."

तिला बाहेर जावं लागलं. महादेवीने चहाचा कप तिच्या हातात दिला, काहीतरी हातात असावं म्हणून. चहा उकळता होता. खिडक्या सताड उघड्या होत्या. आता पिवळ्या बल्बची गरज उरलेली नव्हती. मुख्याध्यापिका बाईंनी तिच्याकडे बघितलं, आणि बघत राहिल्या. "बसा. काय झालं हो चेहऱ्याला?" रुद्राणीच्या आधी मंजुनाथच बोलला. "ऊन हो. सोलापूरचं ऊन." "डिसेंबरात?" बाई म्हणाल्या. मुलगा, आशिष, खाली मान घालून शिरा खात होता, आणि ते बघून रुद्राणीला त्याच्याविषयी एकदम माया वाटली. बाईंनी विषय बदलावा तशी मान सिद्धेश्वरीकडे वळवली. "मुलगी मात्र फोटोपेक्षा उजळ आहे. काय लावतेस गं? आमच्या धाकटीला सांगते, तिचं तोंड सगळं मुरुमांनी भरलंय." "आत्याची क्रीम," सिद्धी म्हणाली. आवाजात अभिमान होता. "आत्याच पाठवते सोलापूरहून."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं, मग आत्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. मुख्याध्यापिका बाईंनी कप बशीत ठेवला. त्यांच्या तोंडावर, फळ्यावरचं गणित एका नजरेत सोडवणाऱ्या माणसाचा शांतपणा होता. त्यांनी काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर रुद्राणीला ऊन म्हणता आलं असतं, उष्णता म्हणता आलं असतं. पण तिच्या डोळ्यांसमोर अकलूजची ती धाकटी आली, कधी न बघितलेली, मुरुमवाली, अजून काही न बिघडलेली. "लावू नका तुमच्या मुलीला," रुद्राणी म्हणाली. "हे त्या क्रीमनंच झालंय. ऊन नाही." "अक्का," महादेवी म्हणाली. "ती नायट्याची क्रीम आहे. लावते तोवर असं दिसतं," रुद्राणीने सिद्धीकडे बघितलं, "आणि सोडली की असं." मंजुनाथ ताठ बसला. आशिषने चमचा खाली ठेवला आणि पहिल्यांदा मुलीकडे नीट बघितलं.

सिद्धेश्वरीचा हात आपोआप आपल्या गालावर गेला होता. रडली नाही, ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "तुला कधी कळलं, आत्या?"

रुद्राणीच्या जिभेवर 'परवाच' हा शब्द तयार होता. परवाच कळलं, येऊन सांगणार होते, हे सगळ्यांना पटलं असतं. महादेवीने सुटकेचा निःश्वास टाकला असता, आणि पोरीची आत्या तिला परत मिळाली असती. चेहऱ्यावरून कोणाला काही समजणार नव्हतं. जेवढा लाल व्हायचा तेवढा तो होऊन चुकला होता. खोटं बोलायला इतका सुरक्षित चेहरा तिला पुन्हा मिळणार नव्हता. हळूहळू उतरेल, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या.

"दिवाळीच्या आधी," ती म्हणाली.

सिद्धेश्वरीने गालावरचा हात खाली घेतला. ती आठवत होती, हे रुद्राणीला दिसत होतं. शेवटची ट्यूब तुळशीच्या लग्नानंतर आली होती, कडक भाकऱ्यांच्या खाली.